'गेट'चं जर्मन करताना मराठीचा आधार घ्या

वाशी, नेरूळ, खारघर या स्टेशनांच्या आसपास जर्मन शिकवणारे क्लास आता सहज सापडतात. तिथल्या बाकांवर पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला निघालेले इंजिनिअर असतात. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या जर्मन कंपन्यांत काम करणारे असतात, कारण सीमेन्सचा कळवा कारखाना आणि तुर्भ्याचं बीएएसएफचं संशोधन केंद्र याच पट्ट्यात आहे. आणि परिचारिका असतात. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात रुग्णसेवेचं कामही आहे. त्या राज्याची राजधानी श्टुटगार्ट १९६८पासून मुंबईची भगिनी-नगरी आहे, त्यामुळे नातं तसं जुनंच.

यातले बहुतेक जण घरी मराठी बोलतात आणि जर्मन मात्र इंग्रजीतून शिकतात. पुस्तकातल्या सूचना इंग्रजीत, मोबाइलवरचं ॲप इंग्रजीत, शिक्षकांचं समजावणंही पुष्कळदा इंग्रजीत. मग सवयच लागते की मनात आधी इंग्रजी वाक्य जुळवायचं आणि शब्दाला शब्द लावत त्याचं जर्मन करायचं. साध्या वाक्यांत हे खपून जातं. 'गेट' आलं की खपत नाही. इंग्रजीत हे एकच क्रियापद मिळणं, होणं, आणणं, पोहोचणं, समजणं, करून घेणं अशी कितीतरी कामं करतं. जर्मनमध्ये प्रत्येक कामाला वेगळं क्रियापद आहे. शब्दकोशात 'गेट' उघडलं तर मजकूर संपता संपत नाही. विद्यार्थी त्यातला पहिला शब्द 'बेकॉमेन' उचलतो आणि सगळीकडे तोच लावतो.

यावर माझं सांगणं एकच आहे. 'गेट' समोर आलं की ते वाक्य आधी मराठीत म्हणा, घरी आईशी बोलताना म्हणाल तसं. मराठीत 'गेट'ला समांतर असं एक क्रियापद नाही, त्यामुळे मराठीत म्हणताना नेमका अर्थ निवडावाच लागतो. तो निवडला की जर्मन क्रियापद बहुतेक वेळा हाताशी आलेलं असतं.

सुरुवात 'मिळणे'पासून करू. मराठीत 'मिळालं' म्हणता येत असेल तर जर्मनमध्ये 'बेकॉमेन'. मला व्हिसा मिळाला: 'इश हाबे डास व्हीझुम बेकॉमेन'. इथे दोन गोष्टी नीट पाहा. मराठीत 'मला' आहे, जर्मनमध्ये 'इश', म्हणजे 'मी'. मराठीत वाक्याचा कर्ता व्हिसा आहे, जर्मनमध्ये तुम्ही. दुसरं म्हणजे 'कॉमेन' या क्रियापदाचा भूतकाळ 'झाइन' घेऊन होतो, 'इश बिन गेकॉमेन', पण 'बेकॉमेन' त्याच कुळातलं दिसत असूनही 'हाबेन' घेतं, आणि 'बे' हा उपसर्ग असल्यामुळे त्याला 'गे' लागत नाही. 'इश बिन बेकॉमेन' हे वाक्य परीक्षेच्या पेपरांत फार दिसतं. ते आजच खोडून टाका.

'बेकॉमेन' कानाला इंग्रजी 'बिकम'सारखं लागतं, आणि इंग्रजीतून शिकणाऱ्याची पहिली मोठी चूक तिथेच होते. 'मला परिचारिका व्हायचंय' असं सांगायला जाऊन 'बेकॉमेन' वापरलं, तर ऐकणाऱ्याला 'मला एक परिचारिका मिळावी' असं ऐकू येतं. होण्यासाठी 'वेर्डेन': 'इश म्योश्टे प्फ्लेगेफाखफ्राउ वेर्डेन'. जर्मनीत २०२०पासून नव्या कायद्यानुसार प्रशिक्षित परिचारिकेचं अधिकृत पदनाम 'प्फ्लेगेफाखफ्राउ' आहे, पुरुषासाठी 'प्फ्लेगेफाखमान'. जुना शब्द लोकांच्या तोंडी अजून आहे, पण अर्जात नवाच लिहा.

'मिळणे'च्या अर्थाची आणखी दोन क्रियापदं आहेत आणि ती कुठे वापरायची हे माहीत असलंच पाहिजे. कार्यालयीन पत्रात 'एरहाल्टेन' शोभतं: आपलं पत्र मिळालं, कागदपत्रं मिळाली. बोलताना सर्रास 'क्रीगेन' ऐकू येतं. ग्योथे-इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे आपल्या मॅक्स म्युलर भवनच्या, बी१ परीक्षेत लेखनाचा वेगळा भाग असतो आणि त्यात एक औपचारिक पत्र लिहावं लागतं. त्या पत्रात 'क्रीगेन' आलं तर परीक्षकाला खटकतं. वाचन, श्रवण, लेखन, संभाषण या चारही भागांत प्रत्येकी ६० टक्के लागतात, त्यामुळे लेखनातले असे गुण घालवणं परवडत नाही.

पण 'क्रीगेन' लिहायचं नाही म्हणून शिकायचंच नाही असं करू नका, परिचारिकांनी तर नाहीच. वॉर्डातला म्हातारा रुग्ण पाठ्यपुस्तकातलं जर्मन बोलत नाही. तो पाणी मागताना 'क्रीगे इश नॉख वासर?' असं विचारतो. आणि एक वाक्य तर झोपेतून उठवलं तरी कळलं पाहिजे: 'इश क्रीगे काइने लुफ्ट'. शब्दशः 'मला हवा मिळत नाही', म्हणजे मला श्वास घेता येत नाही, जीव गुदमरतोय. घाईत 'क्रीगे'चं 'क्रीग' होतं आणि शेवटचा शब्द तेवढा ठळक ऐकू येतो. 'लुफ्ट' म्हणजे फक्त हवा असं पाठ केलेली मुलगी खिडकी उघडायला धावेल. माझ्या मते हे वाक्य ए१च्या पहिल्या महिन्यातच शिकवायला हवं.

'बेकॉमेन'चे आणखी दोन उपयोग पुस्तकात उशिरा येतात, पण तिथे उतरल्यावर पहिल्याच दिवशी कानावर पडतात. बेकरीत गेलात की काउंटरमागची बाई विचारते, 'वास बेकॉमेन झी?' आपला दुकानदार जसा 'काय देऊ?' म्हणतो, तसंच ते. दुसरा उपयोग मराठी माणसाला सांगितला की लगेच पटतो. 'डास एसेन इस्ट मीर निश्ट बेकॉमेन' म्हणजे जेवण मला मानवलं नाही. इथे भूतकाळात 'हाबेन' जाऊन 'झाइन' येतं आणि 'इश'च्या जागी 'मीर', म्हणजे 'मला', येतं. इंग्रजीतून हा अर्थ गाठायला लांबचा वळसा पडतो. मराठीत 'मानवणे' आधीपासून आहे, चतुर्थीसकट.

आता 'होणे' आणि 'वेर्डेन'. अंधार पडतोय: 'एस विर्ट डुंकेल'. मी भिजलो: 'इश बिन नास गेवॉर्डेन'. तो आजारी पडला: 'एर इस्ट क्रांक गेवॉर्डेन'. मराठीत 'पडणे' असो, 'भिजणे' असो की 'दमणे', एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जाणं असेल आणि इंग्रजीत 'गेट' असेल, तर 'वेर्डेन' लावून पाहा. सर्दीचं मात्र वेगळं आहे, तिला स्वतःचं क्रियापद आहे: 'इश हाबे मिश एरकेल्टेट', मला सर्दी झाली.

याच 'वेर्डेन'बरोबर 'मला' आलं की मराठी आणि जर्मन शेजारी शेजारी चालायला लागतात. थंडी वाजायला लागली, चक्कर यायला लागली, मळमळायला लागलं, या सगळ्यांत मराठीत 'मला' असतं. जर्मनमध्येही: 'मीर विर्ट काल्ट', 'मीर विर्ट श्विंडलिश', 'मीर विर्ट श्लेश्ट'. इंग्रजीत इथे 'आय' येतं, म्हणून इंग्रजीतून येणारा 'इश बिन काल्ट' म्हणून बसतो आणि त्याचा अर्थ वेगळाच होतो, जणू हा माणूस मनाने थंड आहे. 'मला थंडी वाजतेय' हे वाक्य मनात ठेवा, 'मीर' आपोआप येईल.

'गेट' कर्मणी वाक्यातही शिरतं. मोबाइल चोरीला गेला, तो पकडला गेला. मराठी इथे 'जाणे' वापरते, जर्मन पुन्हा 'वेर्डेन': 'माइन हेंडी वुर्डे गेश्टोलेन'. पोलिसांकडे तक्रार देण्याची वेळ कोणावर येऊ नये, पण आली तर हे वाक्य हाताशी असलेलं बरं.

आता ज्या अर्थाने मराठी विद्यार्थ्याचं खरोखर नुकसान होऊ शकतं तिकडे वळू. कागदपत्रांचं भाषांतर करून घेतलं, केस कापून घेतले, गाडी दुरुस्त करून घेतली. काम दुसऱ्याने केलं, मी करवून घेतलं. जर्मनमध्ये यासाठी 'लासेन' आहे: 'इश हाबे माइने त्सॉइग्निसे युबरझेत्सेन लासेन', मी माझ्या प्रमाणपत्रांचं भाषांतर करून घेतलं. 'लासेन' गाळून 'इश हाबे माइने त्सॉइग्निसे युबरझेत्स्ट' म्हणालात तर अर्थ होतो की भाषांतर तुम्ही स्वतः केलं. जर्मन कार्यालयांना अधिकृत, शपथबद्ध भाषांतरकाराचं काम हवं असतं. मुलाखतीत समोरच्या अधिकाऱ्यापुढे हे वाक्य चुकीचं गेलं तर चांगल्या कागदांवरही नाहक शंका येते.

आपल्याकडे 'करून घेणे' इतकं सरावाचं आहे की 'लासेन' मराठी माणसाला जड जायचं कारण नाही. अडतं ते रूपांवर. भूतकाळात 'लासेन'चं 'गेलासेन' होत नाही, मूळ रूपच राहतं, आणि दोन्ही मूळ रूपं वाक्याच्या शेवटी एकापाठोपाठ येतात: 'युबरझेत्सेन लासेन', 'श्नाइडेन लासेन', 'रेपारीरेन लासेन'. मराठीतही 'भाषांतर करून घेतलं'मध्ये मुख्य काम आधी आणि 'घेणे' नंतर. क्रम तोच. ही तीन वाक्यं मोठ्याने इतक्यांदा म्हणा की 'लासेन'शिवाय वाक्य संपलं असं वाटू नये.

बाकीचे अर्थ भराभर घेता येतील. जाऊन घेऊन येणं म्हणजे 'होलेन', कोणाला आणून देणं 'ब्रिंगेन', खटपट करून मिळवणं 'बेझॉर्गेन', स्टेशनवरून कोणाला घेऊन येणं 'आबहोलेन'. समजलं म्हणजे 'फेरश्टेएन'. हेच क्रियापद 'आमचं चांगलं पटतं' यालाही चालतं: 'वीर फेरश्टेएन उन्स गूट'. ओळख होणं म्हणजे 'केनेनलेर्नेन', झोपेतून उठणं म्हणजे 'आउफश्टेएन'. 'हॅव गॉट' असेल तर नुसतं 'हाबेन', आणि 'हॅव गॉट टू' असेल तर मराठीतलं 'जावं लागेल', म्हणजे 'म्युसेन'.

चढणं-उतरणं याचा सराव रोजच्या लोकलमध्येच करा. जर्मनमध्ये एकाच 'श्टायगेन'ला उपसर्ग बदलून तिन्ही कामं होतात: चढणं 'आइनश्टायगेन', उतरणं 'आउसश्टायगेन', गाडी बदलणं 'उमश्टायगेन'. तुम्ही ऐरोलीहून कुर्ल्याला जात असाल तर ट्रान्स-हार्बरने वाशी आणि तिथून हार्बर. मनात म्हणा: 'इश श्टायगे इन ऐरोली आइन, इन वाशी उम, इन कुर्ला आउस'. उपसर्ग वाक्याच्या शेवटी कसा जाऊन बसतो ते यातून अंगवळणी पडतं. उरण मार्गावर राहणाऱ्यांनी नेरूळ किंवा बेलापूरला 'उम' करावं.

मराठीचा आधार घ्या म्हटलं, तरी मराठी कुठे चकवते तेही सांगायला हवं. जर्मनीत रस्ता विचारण्याचं अगदी पहिलं वाक्य आहे, 'वी कॉमे इश त्सुम बानहोफ?' आपण विचारतो, 'स्टेशनला कसं जायचं?' मराठीत 'जाणे', जर्मनमध्ये 'कॉमेन', म्हणजे 'येणे'. मराठीवरून 'गेएन' लावाल तर समोरच्याला कळेल, पण कोणी तसं विचारत नाही. हे वाक्य आहे तसं पाठ करा.

दुसरी फसगत 'लागणे'ची. इंग्रजीचं 'गेट' जेवढं पसरलेलं आहे तेवढंच आपलं 'लागणे'. नोकरी लागली, भूक लागली, वेळ लागला, सवय लागली, जावं लागलं. यांना जर्मनमध्ये एक शब्द शोधत बसू नका. नोकरी लागली तर 'बेकॉमेन', भूक लागली तर 'इश हाबे हुंगर', वेळ लागतो तर 'एस डाउअर्ट', सवय लागली तर 'झिश गेव्योनेन', जावं लागलं तर 'म्युसेन'. म्हणजे मराठीतलं क्रियापदही कधी कधी आणखी एक पायरी उलगडावं लागतं: नोकरी लागली म्हणजे नोकरी मिळाली, आणि मिळाली म्हणजे 'बेकॉमेन'.

'मिळणे'लाही एक फाटा आहे. 'इथे चहा मिळतो' यात कोणाला काही मिळालेलं नाही, चहा उपलब्ध आहे एवढंच सांगायचंय. त्यासाठी 'हीर गिब्ट एस टे' ही रचना सहज वाटते. स्वतःसाठी विचारायचं असेल, तिकिटं कुठे मिळतील, तर 'बेकॉमेन' आणि 'एस गिब्ट' दोन्ही चालतात.

भूतकाळात 'झाइन' की 'हाबेन' या प्रश्नावर मराठी व्याकरण एक चांगली खूण देतं, आणि ती वर्गात सांगितली जात नाही याची मला हळहळ वाटते. मराठीत वाक्य 'तो' धरून भूतकाळात आणा आणि कर्त्याला 'ने' लागतो का पाहा. 'त्याने आणलं' यात 'ने' आहे, जर्मनमध्ये 'एर हाट गेहोल्ट'. 'तो आला', 'तो पोहोचला', 'तो उतरला', 'तो भिजला', 'तो उठला' यांत 'ने' नाही, आणि या सगळ्यांना जर्मनमध्ये 'इस्ट' लागतं. हालचाल किंवा स्थितीतला बदल असेल आणि 'ने' नसेल तर 'झाइन' समजा. अपवाद आहेत आणि ते वहीच्या पहिल्या पानावर हवेत. 'तो झोपला', 'तो हसला' यांना 'ने' नाही, पण त्यांत हालचाल किंवा बदल धरला जात नाही, म्हणून 'हाट'. उलट 'त्याने प्रवास केला', 'त्याने उडी मारली' यांत 'ने' असूनही 'इस्ट'. 'त्याला मिळालं', 'त्याला समजलं' ही 'ला'वाली वाक्यं 'हाट' घेतात, पण वर आलेलं 'मानवलं' आणि 'मीर विर्ट'वाली वाक्यं 'इस्ट' घेतात. 'तो बसला होता' याला प्रमाण जर्मनमध्ये 'हाट', पण दक्षिण जर्मनीत लोक 'इस्ट' म्हणतात. बाडेन-व्युर्टेमबर्ग दक्षिणेतच येतं, तेव्हा तसं ऐकलं तर गोंधळू नका. परीक्षेत मात्र 'हाट' लिहा.

वही कशी ठेवायची? 'गेट' असा मथळा देऊन त्याखाली दहा जर्मन क्रियापदांची यादी करू नका. ती यादी पाठ होते आणि बोलताना एकही आठवत नाही. डाव्या बाजूला पूर्ण मराठी वाक्य लिहा, उजवीकडे पूर्ण जर्मन, आणि त्याखाली तेच वाक्य भूतकाळात. वाक्यं तुमच्या आयुष्यातली असू द्या. परिचारिका असाल तर 'रुग्णाला ताप आला', 'गोळ्या आठ वाजता मिळतात'. कंपनीत असाल तर 'सुटा भाग मागवून घेतला', 'मशीन दुरुस्त करून घेतलं'. असं जमलेलं वाक्य गरजेच्या वेळी तोंडात येतं.

शब्दकोश पाहताना पहिल्या अर्थावर थांबू नका. लांगेनशाइट किंवा पॉन्सच्या कोशात शब्दाबरोबर बारीक अक्षरांत खुणा असतात. बोलीतल्या शब्दाला तशी खूण असते, आणि 'क्रीगेन'ला ती हमखास दिसेल. निवडलेलं क्रियापद मग उलट्या बाजूने, म्हणजे जर्मन-इंग्रजी भागात, पाहा आणि तिथल्या उदाहरणात तुमचा अर्थ बसतो का ते तपासा. बी१च्या पुढे गेलात की डूडेनचा जर्मन-जर्मन कोश उघडायची सवय लावा. भाषांतर यंत्राकडून करून घेणार असाल, उदाहरणार्थ कोलोनच्या डीपएलवरून, तर नुसतं 'गेट' टाकू नका, पूर्ण वाक्य टाका आणि आलेल्या उत्तरात क्रियापद कोणतं निवडलंय ते पाहा. एकटा शब्द दिला तर यंत्रही तुमच्यासारखं पहिल्या अर्थावर थांबतं.

जर्मनीतल्या रुग्णालयात परिचारिका म्हणून मान्यता मिळवायला बहुतेक ठिकाणी बी२ पातळी लागते. पण बी२ झाल्यावरही श्टुटगार्टच्या परिसरात स्थानिक बोली कानावर पडणारच. तिथे 'हेबेन' म्हणजे पुष्कळदा 'उचल' नसतं, 'धरून ठेव' असतं. रुग्णाला पलंगावर वळवताना सहकारी 'हेब माल' म्हणाली आणि तुम्ही उचलायला गेलात तर रुग्णाला इजा होऊ शकते. म्हणून एक वाक्य निघायच्या आधीच तोंडात बसवून घ्या, 'क्योनेन झी डास बिटे आंडर्स झागेन?', हेच जरा वेगळ्या शब्दांत सांगाल का? कामाच्या पहिल्या दिवसापासून ते न संकोचता वापरा.